पाणी कापायचं की पाण्यावर चढायचं?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ऊस आला की गुऱ्हाळ आलं, आणि गुऱ्हाळ आलं की काहील आली. सात-आठ फूट रुंद, दीड-दोन फूट खोल, बुडाला जवळजवळ सपाट अशी ही लोखंडी कढई. थंडीत तिच्यात रस उकळतो, काकवी होते, गूळ होतो. पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर पडल्या की याच काहिलीला दुसरं काम लागतं. पाण्याने वेढलेल्या वस्तीवरून माणसं, दुधाच्या किटल्या, धान्याची पोती अलीकडे आणायला ती पाण्यात उतरवतात. बांबू किंवा एखादं वल्हं हातात घेतलं की झाली नाव.

या नावेचा एक गुण आणि एक दुर्गुण, दोन्ही तिच्या आकारातूनच येतात. अडीच मीटर रुंदीच्या काहिलीचा तळ दहा सेंटिमीटर बुडाला की ती स्वतःच्या वजनासकट साधारण साडेचारशे किलो भार पेलते. आणखी चार-पाच माणसं चढली तरी ती चार-सहा बोटंच खाली जाते. वजन उचलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण वल्हं डावीकडे मारलं की ती उजवीकडे गरकन फिरते, उजवीकडे मारलं की डावीकडे. पुढे जाण्यापेक्षा स्वतःभोवती गिरक्या घेणंच तिला सोपं जातं, कारण तिला पुढचं टोक नाही, मागचं नाही आणि लांबी म्हणावी अशी लांबीही नाही.

त्याच कृष्णेच्या काठाने थोडं वर सांगलीकडे गेलं की चित्र बदलतं. सांगलीवाडी, कवठेपिरान, समडोळी, डिग्रज या गावांना होड्यांच्या शर्यतींचं वेड आहे. तिथली शर्यतीची होडी लांबट, अरुंद, दोन्हीकडे निमुळती. वल्हेकऱ्यांची वल्ही एका ठेक्यात पडली की ती सुईसारखी पाण्यात शिरते. नदी तीच, पाणी तेच, जोर माणसाच्याच दंडाचा. तरी काहील आणि शर्यतीची होडी यांत बैलगाडी आणि मोटरसायकलीइतका फरक पडतो, आणि तो निव्वळ आकारामुळे पडतो. समुद्रावरच्या इंजिनाच्या बोटींचंही तसंच आहे. फरक इतकाच की तिथे दंडाऐवजी डिझेल जळतं आणि चुकलेल्या आकाराचं बिल दर फेरीला येतं.

बोट पाण्यातून जाते तेव्हा तिला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे घासणं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. बोटीचा जेवढा भाग पाण्याखाली, तेवढ्यावर ते चिकटून ओढ धरतं. दुसरी गोष्ट म्हणजे लाटा. बोट पुढचं पाणी बाजूला सारते, ते वर उचललं जातं, नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, एक लाट उभी राहते, मागे दुसरी. या लाटा पाहायला छान दिसतात, पण त्या उचलायला लागणारी ताकद इंजिनातून, म्हणजे टाकीतल्या तेलातूनच जाते. बोटीमागे पसरत जाणारा पांढरा पट्टा म्हणजे सांडत चाललेलं डिझेल, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही.

या लाटांचा एक विचित्र नियम आहे. पाण्यावरची लाट जितकी लांब, तितकी ती वेगाने धावते. बोटीचा वेग वाढतो तशी तिच्यामुळे उठणारी लाटही लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी होते. एक शिखर नाळेपाशी, दुसरं थेट शेपटाला आणि मधल्या खळग्यात बोट. त्याहून वेग वाढवायला गेलं की मागचं शिखर बोटीला सोडून मागे सरकतं, शेपूट खळग्यात बसतं, नाळ वर उचलली जाते आणि बोट आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढू पाहते. चढ संपत नाही, कारण तो बोटीबरोबरच पुढे चाललेला असतो. इंजिन ओरडतं, धूर काळा होतो, वेग मात्र जेमतेम हलतो.

ही मर्यादा काढायला कागद-पेन्सिल पुरे. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी किती मीटर ते पाहायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि साडेचाराने गुणायचं. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. नऊ मीटरच्या होडीला साडेतेरा. सोळा मीटरच्या बोटीला अठरा. आपल्या काहिलीला कागदावर सात, पण तिच्या गिरक्या पाहता तेही स्वप्नच. म्हणजे जड, भरल्या पोटाच्या बोटीला दुप्पट इंजिन बसवलं तर दुप्पट वेग मिळेल हा हिशेब साफ चुकतो. या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतानासुद्धा लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. उलट पाहिलं तर हीच सोय आहे. वेग दहा टक्क्यांनी कमी केला की इंजिनावरचा भार सत्तावीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि प्रवासाला वेळ जास्त लागूनही तेवढ्याच अंतराला जवळपास एकोणीस टक्के इंधन कमी लागतं. बोटवाल्याला फुकट मिळणारी बचत ही एवढीच. बाकी सगळ्या बचतींना आधी पैसे घालावे लागतात.

हे सारं शास्त्रात बसवलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. १८६७च्या सुमारास त्याने डार्ट नदीत जहाजांचे दोन जातींचे नमुने ओढून पाहिले. एकाचं नाव रेव्हन, टोकदार. दुसऱ्याचं स्वान, भरदार आणि गोलसर. त्या काळी जहाजाचा एक आदर्श आकार असतो आणि तो टोकदारच असतो, असं मोठमोठे लोक मानत. फ्रूडच्या मोजमापात कमी वेगाला रेव्हन सरस ठरला आणि वेग वाढल्यावर स्वानने त्याला मागे टाकलं. सर्वांत उत्तम आकार असा काही नसतोच, अमुक वेगाला अमुक आकार, एवढंच खरं. पुढे टॉर्कीला त्याने नमुने ओढण्यासाठी लांबलचक टाकी बांधली. आजही कुठल्याही मोठ्या जहाजाचा नमुना अशाच टाकीतून ओढून पाहतात.

फ्रूडच्या टाकीशी जोडलेला एक किस्सा सांगायलाच हवा. १८७२ मध्ये रॅमस नावाच्या एका पाद्र्याने ब्रिटिश नौदलाला सुचवलं की जहाजाच्या तळाला मधोमध एक पायरी द्या, म्हणजे ते पाणी कापत बसण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत जाईल. नौदलाने फ्रूडला तपासायला सांगितलं. त्याने नमुना ओढला, मापं घेतली आणि सांगितलं की त्यासाठी जी ताकद लागेल ती देणारं वाफेचं इंजिन इतकं जड होईल की जहाज वर चढणारच नाही. फ्रूड बरोबर होता. पण पाद्रीबुवाही चुकीचे नव्हते, फक्त हलकं पेट्रोल इंजिन यायच्या आधी जन्मले होते. आज वेगवान बोटींच्या तळाला अशा पायऱ्या सर्रास असतात.

पाण्यावर चढणं म्हणजे काय, हे तलावाच्या काठी चपटा खडा फेकणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. खडा हळू टाकला तर बुडतो. वेगाने, जरा तिरका फेकला तर टप्पे खात जातो. पाण्याला वेळच मिळत नाही बाजूला व्हायला, म्हणून ते खड्याला वर ढकलतं. स्पीडबोट तेच करते, फक्त टप्प्यांऐवजी सलग. तिचा बराचसा भाग पाण्याबाहेर येतो, घासणारा पृष्ठभाग कमी होतो आणि लाटेचा तो न संपणारा चढ मागे पडतो. मात्र त्यासाठी तळ मागच्या बाजूला सरळ, सपाट आणि शेवटी धारदार कापलेला असावा लागतो.

का, ते स्वयंपाकघरात कळतं. वरणाची पळी दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरावी आणि तिची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच टेकवावी. धार पळीला दूर लोटेल असं वाटतं. होतं उलटं. पळी धारेत ओढली जाते आणि तिथेच अडकून राहते. वळत्या पृष्ठभागावरून जाणारं पाणी त्या पृष्ठभागाला आपल्याकडे खेचतं. गोलाकार शेपटाच्या बोटीला जास्त वेग दिला की पाणी तिचं शेपूट असंच खाली खेचतं. हळू जाणाऱ्या बोटीला गोल शेपूट उत्तम, कारण पाणी हळुवार मिटतं आणि भोवरे कमी होतात. वेगवान बोटीला तेच जाचक होतं. म्हणून स्पीडबोटीची मागची बाजू सुरीने कापलेल्या खरवसाच्या वडीसारखी दिसते.

मग सगळ्याच बोटी सपाट तळाच्या का नाहीत? कारण समुद्र म्हणजे काही काकतीजवळची शांत मार्कंडेय नव्हे. सपाट तळाची बोट लाटेवर आदळते तेव्हा आतल्यांच्या मणक्यांना ते बरोबर कळतं. उपाय म्हणजे तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतार देणं. अमेरिकेत रे हंट यांनी आखलेली खोल व्ही तळाची ‘मॉपी’ ही बोट १९६० साली खवळलेल्या समुद्रात मायामी-नसाऊ शर्यत जिंकली आणि उघड्या समुद्रावरच्या वेगवान बोटींचा चेहरामोहराच बदलला. पण उतार जितका खोल, तितकी पाण्याची वर ढकलण्याची ताकद बाजूला वाया जाते. तेवढ्याच वेगाला इंजिन मोठं लागतं. मणक्यांना दिलेला आराम डिझेलमधून वसूल होतो.

या बोटींचा दुसरा शत्रू म्हणजे वजन. वर चढेपर्यंतचा टप्पा सर्वांत खर्चिक. बोट धड पाण्यात नाही, धड पाण्यावर नाही, नाक वर, शेपूट खाली. या अवस्थेत दर किलोमीटरला जेवढं तेल जळतं, त्यापेक्षा पुष्कळदा पूर्ण वर चढल्यावर कमी जळतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगलीच्या महापुरात बचाव पथकांच्या हवा भरलेल्या रबरी बोटी सगळ्यांनी पाहिल्या. मागे टांगलेली मोटर, जवानांच्या भाषेत ओबीएम. रिकामी जाताना तीच बोट नाक खाली घेऊन सुसाट सुटते. वाडीतली दहा-बारा माणसं, म्हातारीचं गाठोडं आणि शेळी चढली की ती वर चढायचं नावच घेत नाही. पाणी नांगरत येते. तिथे ते चालतं, तिचं कामच माणसं आणण्याचं. पण प्रवासी बोटीच्या धंद्यात हेच झालं तर जमाखर्च कोलमडतो.

चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की हे सगळे आकार एका दिवसात बघायला मिळतात. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट घ्या. दोन्ही टोकांना फळ्या, चौकोनी अंग, सपाट तळ. चालताना तिच्या पुढ्यात पाणी असं ढिगाने जमतं की अंगणातला केर झाडूने पुढे लोटत न्यावा. जहाजबांधणीच्या पुस्तकात हा आकार कोणी शहाणा माणूस काढणार नाही. पण नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, वेग वाढवून वाचणार काय? तिला उतरत्या धक्क्यावर नाक टेकवून गाड्या घ्यायच्या असतात. त्या कामाला हाच आकार बरोबर.

त्याच गोव्यात, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये, अगदी दुसऱ्या टोकाचं काम चालतं. सागरी पोलिसांसाठी केंद्राच्या योजनेतून ज्या १२ टनी आणि ५ टनी वेगवान बोटी बांधल्या गेल्या, त्यांत या गोदीचा वाटा मोठा. तटरक्षक दलाच्या इंटरसेप्टर बोटी त्याहून मोठ्या. एल अँड टीने बांधलेल्या ५४ बोटींची लांबी सुमारे २८ मीटर आणि वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर. साडेचाराचं गणित लावलं तर याच लांबीच्या पाणी कापणाऱ्या बोटीची मर्यादा ताशी २४च्या आसपास येते. उरलेला वेग मिळतो तो हलक्या ॲल्युमिनियमच्या अंगातून, व्ही तळातून आणि अफाट इंजिनांतून. त्यांना पंखाही नाही. पाणी आत ओढून मागे फेकणारे जलझोत आहेत, त्यामुळे उथळ पाण्यातही त्या शिरतात.

उथळ पाण्यात शिरणं ही या किनाऱ्याची जुनीच युक्ती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातल्या गलबतं आणि गुराबा या लढाऊ नौका खाडीत घुसायच्या, जड युरोपीय जहाजं बाहेरच घुटमळायची. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इतिहासकाराने गलबतांचं वर्णन करून ठेवलं आहे. बहुतेक सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, तासाला चार मैल जाणारी. चार मैल ऐकून आज कोणी हसेल. पण वारा पडला की समोरचं शिडाचं जहाज तासाला शून्य मैल जातं. तेवढ्या वेळात वल्ह्यांवरची गलबतं जड गुराबाही ओढून मोक्याच्या जागी नेत.

वेग आणि खर्च यांची सांगड घालायचा आणखी एक मार्ग म्हणजे दोन अंगांची बोट, कॅटमरान. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. तो इंग्रजांनी उचलला, भलत्याच बोटीला चिकटवला आणि आपण तो इंग्रजी म्हणून परत घेतला. एका रुंद अंगाऐवजी दोन अरुंद, लांब अंगं घ्यायची आणि वर पूल टाकून माणसं बसवायची. अरुंद अंग लाटा कमी उठवतं, म्हणून लांबीची ती साडेचाराची मर्यादा त्याला फारशी जाचत नाही. शर्यतीच्या होडीचं तत्त्वही हेच. फक्त एकटी अरुंद होडी कलंडते, दोन जोडल्या की भक्कम उभ्या राहतात. तोटा असा की दोन अंगांमुळे घासणारा पृष्ठभाग वाढतो. हळू चालवली तर कॅटमरान महागच पडते. शिवाय तिला वजन सोसत नाही.

नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा मार्गावर दमानिया कंपनीची कॅटमरान धावायची. जुन्या कोकणच्या आगबोटी जे अंतर रात्रभर आणि वर बराच दिवस घेऊन कापत, ते ती सात-आठ तासांत उरकायची. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि स्वस्त तिकीट मिळायला लागलं. ती हौस टिकली नाही. पाण्यावरचा वेग रुळांवरच्या वेगाशी भाड्यात बरोबरी करू शकत नाही, यात आकार आखणाऱ्याचं अपयश नाही.

गेटवेहून मांडव्याला मात्र कॅटमरान अजून धावतात, कारण तिथे रस्त्याने शंभर किलोमीटरचा वळसा आहे आणि पाण्यातून जेमतेम वीस. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ती गाड्याच पोटात घेते, तासाभरात पोचवते, घाई करत नाही. १७ फेब्रुवारी २०२२ला बेलापूरहून जलटॅक्सीचं उद्घाटन झालं तेव्हा दरपत्रकानेच सगळं शास्त्र सांगून टाकलं. स्पीडबोटीचं तिकीट ८०० ते १,२०० रुपये, कॅटमरानचं २९० रुपये. वाचणारा वेळ वीसेक मिनिटांचा. लोकलचा पास काढणाऱ्या माणसाने काय निवडलं असेल, ते सांगायला नको.

ज्यांना हा हिशेब रोज करावा लागतो ते म्हणजे मच्छीमार. रत्नागिरी, मालवण, हर्णैच्या ट्रॉलरचा मोठा खर्च डिझेलचा. सरकारी डिझेल परताव्याची वाट पाहणं हा तिथला कायमचा विषय. ट्रॉलरला पाण्यावर चढायचं नसतं. जाळं ओढायचं, बर्फ आणि मासळी भरून परत यायचं. त्यामुळे तिथे बचत शोधायची ती पाणी कापण्यातच. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने नेमका हा प्रश्न हाती घेऊन ‘सागर हरिता’ आखली, आणि ती बांधली गोवा शिपयार्डने. २०१६च्या एप्रिलमध्ये ती पाण्यात उतरली. लांबी १९.७५ मीटर. अंग पोलादी, पण केबिन आणि सुकाणूघर फायबरचं, म्हणजे वरचं वजन कमी. नाळेला पाण्याखाली एक गोल फुगवटा. हा फुगवटा आपली वेगळी लाट उठवतो आणि तिचा खळगा बरोबर नाळेच्या लाटेखाली येईल असा बसवलेला असतो. एक लाट दुसरीला खाते. इंजिन ४०० अश्वशक्तीचं, त्याच आकाराच्या इतर बोटींपेक्षा वीस टक्क्यांनी लहान. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण १८० ते २०० मिलिलिटर तेल खातं. म्हणजे पूर्ण भारावर तासाला अठरा-वीस लिटरचा फरक. ट्रॉलर काही दिवस बाहेर राहतो, हे धरून गुणाकार ज्याचा त्याने करावा.

अर्थात फुगवट्याची जादू ठरलेल्या वेगाच्या आसपासच चालते. बोट रिकामी होऊन वर उचलली गेली किंवा फारच हळू चालली तर तो नुसतं लोढणं. जुन्या ट्रॉलरला तो उगाच जोडून घेण्यात शहाणपण नाही.

नवी बोट न घेता हाती असलेल्या बोटीचं तेल वाचवायचं तर किनारा जे पिढ्यान् पिढ्या करत आला आहे तेच करावं लागतं. जून लागला, मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढल्या जातात. काही शाकारल्या जातात. मग तळ उघडा पडतो आणि वर्षभर पाण्याखाली काय चाललं होतं ते दिसतं. हिरवट शेवाळ आणि त्यावर घट्ट बसलेले चुनखडी कवचाचे बारके जीव. हात फिरवला तर सोलवटून निघेल असा तो पृष्ठभाग, आणि तोच पाण्यात ओढत नेण्यासाठी अख्खा हंगाम डिझेल जळालेलं असतं. पत्र्याच्या पट्टीने ते खरवडायचं, तळ वाळू द्यायचा, रंगाचे हात द्यायचे, वाकलेला पंखा ठोकून सरळ करायचा. आकार आखणाऱ्याने जे दिलं होतं ते परत मिळवायला त्या दोन महिन्यांतले आठ-दहा दिवस जातात.